पूल खेळून पोट भरतं का?

मीनल

नणंदेचा मुलगा वीस वर्षांचा आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. पूल, म्हणजे टेबलावर क्यूने (काठीने) बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, बरीच वर्षं खेळतो, चांगला खेळतो म्हणे (मला त्यातलं ओ की ठो कळत नाही). परवा त्याने जाहीर केलं, की परीक्षा पुढच्या वर्षी, आता पूर्णवेळ पूल. घरात वादळ. आई रडतेय, बाबांनी अबोला धरलाय आणि मी मामी म्हणून मधल्यामध्ये.

माझ्याशी बोलताना त्याने मोबाईल पुढे केला: जागतिक विजेत्याला अडीच लाख डॉलर. "मामी, ही काय थोडी रक्कम आहे?" नाहीच थोडी. पण मला पहिल्या नंबरवाल्याचं काही करायचं नाहीये. पन्नासाव्या, शंभराव्या नंबरचा खेळाडू काय कमावतो? त्यात घर चालतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "कान उपटा" छापाचे सल्ले नकोत, ते घरात भरपूर मिळताहेत.

गप्पिष्ट

वाचनखूण साठवली. माझ्या मेव्हण्याचंही असंच काहीसं चालू आहे, त्यामुळे उत्तरं वाचायला बसलोय.

सातवा बॉल

मीनलताई, आकडा खरा आहे. 2024 ची जागतिक नाइन बॉल (पूलचा एक प्रकार) स्पर्धा जेद्दाहला झाली. एकूण बक्षीस 10 लाख डॉलर, त्यातले अडीच लाख विजेत्याला. फेडोर गोर्स्टने एक्लेंट काचीला 15-14 ने हरवलं. शेवटची रॅक (म्हणजे डाव) बघताना माझेच हात घामेजले होते! 2025 मध्ये तिथेच, तेवढ्याच पैशांसाठी, कार्लो बियाडोने गोर्स्टला 15-13 ने हरवलं.

हा बियाडो फिलिपिन्सचा. आधी गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा वाहायचा. 2021 मध्ये त्याने यूएस ओपन जिंकली तेव्हा मिळाले होते 50 हजार. चार वर्षांत एका विजेतेपदाचा भाव पाचपट. मॅचरूम या आयोजक कंपनीने वर्ल्ड नाइनबॉल टूर सुरू केल्यापासून खेळात पैसा येतोय. पोराला खेळू द्या. विशीत नाही तर कधी?

जमाखर्च

सातवा बॉल, दोन वेगळ्या स्पर्धांची तुलना करून पाचपट म्हणणं जरा घाईचं आहे, पण पैसा वाढलाय हे मान्य. आता ताईंनी जे विचारलंय त्याकडे येतो. मी स्पर्धांच्या आयोजनात हिशेबाच्या टेबलावर बसलेला माणूस आहे. खेळतो बेताचाच.

10 लाखांतले अडीच लाख एकट्याचे, म्हणजे एकूण रकमेचा चौथा हिस्सा. उरलेल्या पैशांचाही उतार तीव्र असतो. उपान्त्य फेरीपर्यंत बरे आकडे दिसतात, त्याखाली रक्कम भराभर आटते आणि मधल्या फेऱ्यांत हरणाऱ्याचं विमानाचं तिकीटसुद्धा कधीकधी निघत नाही. आणि ही सगळ्यात श्रीमंत स्पर्धा झाली. वर्षभरातल्या बहुतेक स्पर्धांचं अख्खं बक्षीस या एका विजेत्याच्या चेकपेक्षा कमी असतं.

खर्च मात्र सगळ्यांना सारखा. पूलमध्ये खेळाडूला पगार नाही, मानधन नाही. प्रवेशफी स्वतः भरायची, तीही मोठ्या स्पर्धांना शेकडो डॉलरांत. विमान, हॉटेल, व्हिसा, जेवण स्वतःचं. यूएस ओपनसारख्या स्पर्धेत 256 नावं उतरलेली असतात. साधं गणित मांडा: समजा वर्षाला पंधरा स्पर्धा आणि एका स्पर्धेमागे सगळा मिळून दोन हजार डॉलर खर्च. झाले 30 हजार. म्हणजे 30 हजारांची बक्षिसं जिंकणारा खेळाडू यादीत "30 हजार कमावले" असा दिसतो आणि प्रत्यक्षात फुकट खेळलेला असतो. त्याचं घरभाडं अजून निघायचंच आहे.

अजून एक कलम कुणी सांगत नाही. अमेरिकेत बाहेरच्या देशातला खेळाडू जिंकला, तर साधारणपणे 30 टक्के कर आधीच कापून चेक हातात येतो. दोन देशांत करार असेल तर सवलत, परतावा वगैरे मिळू शकतो, पण त्यासाठी कागदपत्रं करावी लागतात आणि वाट पाहावी लागते.

त्यामुळे इंटरनेटवर "अमुक खेळाडूची कमाई" म्हणून जे आकडे फिरतात ते बक्षिसांचे आहेत. खर्च वजा केलेले नाहीत आणि प्रायोजकांचे पैसे त्यात धरलेले नाहीत. दोन्ही बाजूंनी चुकीचं चित्र.

सातवा बॉल

टेनिसमध्येही खालच्या नंबरच्या खेळाडूंची हीच रड असते. म्हणून कुणी टेनिस खेळू नये का?

जमाखर्च

खेळावं की. टेनिसमध्ये जगातला शंभरावा खेळाडू चार ग्रँड स्लॅमच्या फक्त पहिल्या फेऱ्या खेळून वर्ष काढतो. पूलमध्ये तसं काही नाही, एवढंच म्हणतोय.

तिरका कोन

तुलना करायचीच तर शेजारच्या टेबलाशी करू. स्नूकरचा जागतिक विजेता 5 लाख पौंड घेतो. क्रूसिबलला, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीला, पोचून पहिल्याच सामन्यात हरणाऱ्यालाही 20 हजार पौंड मिळतात. स्नूकरच्या टूरवर सव्वाशेच्या आसपास खेळाडू असतात आणि 2022-23 च्या हंगामापासून त्यांना किमान 20 हजार पौंडांची हमी आणली गेली. डार्ट्समध्ये तर 2026 च्या जागतिक विजेत्यासाठी रक्कम 10 लाख पौंड केली. गंमत म्हणजे डार्ट्स चालवणारी मंडळी आणि नाइन बॉल टूर चालवणारी मंडळी एकाच, मॅचरूमच्या, घरातली. म्हणजे आयोजकांना पैसा उभा करता येतो. पूलमध्ये अजून तेवढा आलेला नाही.

कारण काय? डार्ट्स-स्नूकरला ब्रिटनमध्ये टीव्हीचा प्रेक्षक आहे. पूल खेळणारे जगभर कोट्यवधी, बघणारे थोडे. प्रायोजक कोण, तर क्यू, कापड, टेबल आणि चॉक बनवणारे. म्हणजे खेळणाऱ्यांचाच पैसा फिरून खेळणाऱ्यांकडे येतो, बाहेरचा माणूस थैली घेऊन येत नाही. वर खेळाची फाटाफूट: एट बॉल, नाइन बॉल, टेन बॉल, वन पॉकेट, चीनमध्ये त्यांचा हेबॉल. हेबॉलला तर पहिलं बक्षीस 50 लाख युआनवर गेलेलं आहे, पण त्याची पॉकेट्स स्नूकरसारखी गोलाईची, तिथे नाइन बॉलवाल्याची बरीच सवय मोडावी लागते.

आणि भांडणं. काही वर्षं जागतिक संघटना एकीकडे आणि मॅचरूम दुसरीकडे होती. 2024 मध्ये आशियाई महासंघाने मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्याबद्दल खेळाडूंवर बंदीचा बडगा उगारला होता. तेव्हा वर्षाचं वेळापत्रक आखताना खेळाडूला बक्षिसाबरोबर हेही बघावं लागायचं, की इथे गेलो तर तिथला दरवाजा बंद होईल का.

मीनल

बापरे. धन्यवाद, जमाखर्च आणि तिरका कोन. एक भाबडा प्रश्न: बक्षीस जाहीर झालं म्हणजे ते मिळतंच ना?

तिरका कोन

आता बहुतेक ठिकाणी मिळतं. पण जुन्या खेळाडूंना हा प्रश्न विचाराल तर रात्र पुरणार नाही.

1996 मध्ये डॅलसला एका नव्या टूरच्या पहिल्याच स्पर्धेत आयोजकांनी जाहीर केलं, की लागोपाठ दहा रॅक साफ करणाऱ्याला 10 लाख डॉलर. असं कोण करतंय म्हणून विमा उतरवला होता. अर्ल स्ट्रिकलंडने लागोपाठ अकरा केल्या! विमा कंपनीने खळखळ केली, प्रकरण कोर्टकज्ज्यात गेलं आणि शेवटी तडजोडीवर मिटलं.

त्याच वर्षी हाँगकाँगला हाच स्ट्रिकलंड एफ्रेन रेयेसशी 120 रॅकच्या शर्यतीत (आधी 120 जिंकेल तो विजेता) तीन दिवस झुंजला आणि 120-117 ने हरला. बाजी होती 1 लाख डॉलर, सगळी जिंकणाऱ्याला. हरणाऱ्याने 117 रॅक जिंकून शून्य! मला पूलचं अर्थशास्त्र कुणी एका ओळीत विचारलं तर मी हाच स्कोअर सांगतो.

रेयेसचीही कथा आहे. 2006 मध्ये रीनोला आयपीटी नावाच्या टूरची स्पर्धा त्याने जिंकली, बक्षीस 5 लाख डॉलर, तोवरचं सगळ्यात मोठं. टूर काढणारा केव्हिन ट्रूडो हा टीव्हीवर जाहिराती करून माल विकणारा गडी. पैसे वेळेवर आलेच नाहीत, खेळाडूंना हप्त्यांची वाट बघत बसावं लागलं. टूर बुडाली. ट्रूडो पुढे, 2014 मध्ये, वेगळ्याच प्रकरणात दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला.

गप्पिष्ट

अकरा रॅक लागोपाठ!! आणि मला क्यू बॉल (पांढरा) पॉकेटमध्ये न घालता एक ब्रेक (डावाचा पहिला फटका) जमत नाही.

ब्रेकनंतर

उशिरा आलो. मी एके काळी स्पर्धा खेळायचो, आता शिकवतो आणि क्यू दुरुस्त करतो: टिप बदलणे, फेरूल बसवणे, वाकलेली शाफ्ट सरळ होते का ते बघणे (बहुधा होत नाही).

वर सगळे बक्षिसावर बोलताहेत. ज्यांची चूल पूलवर चालते अशी माणसं मी जवळून बघितलीत, त्यातल्या फार थोड्यांची बक्षिसावर चालते. बाकीचे शिकवण्या घेतात. क्लब चालवतात किंवा क्लबात पगारावर असतात. प्रदर्शनीय सामने खेळतात. समालोचन करतात. हे आजचं नाही. विली मोस्कोनीचा लागोपाठ 526 बॉलचा विक्रम 1954 चा, तो झाला एका प्रदर्शनीय सामन्यात. ब्रन्सविक ही टेबल बनवणारी कंपनी त्याला गावोगाव खेळायला पाठवायची. विजेतेपदं नावासाठी आणि प्रदर्शनं पोटासाठी, अशी ती व्यवस्था होती. आज त्याच जागी यूट्यूब आलंय. फ्लोरियन कोहलर हा फ्रेंच पठ्ठ्या ट्रिक शॉट्सवर जगभर ओळखला जातो. मोठ्या स्पर्धांच्या निकालात त्याचं नाव शोधत बसू नका.

माझा लाडका किस्सा मात्र वेगळा. 1979 मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी विचार केला, की हौशी लोकांसाठी लीग काढू, ज्यात कच्च्या खेळाडूलाही हँडिकॅपमुळे (सुरुवातीलाच मिळणाऱ्या सवलतीमुळे) जिंकायची संधी असेल. त्यातून अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन उभी राहिली. आज तिचे सभासद अडीच लाखांच्या घरात आहेत. आठवड्याला थोडी थोडी फी भरणारी अडीच लाख माणसं! पूलमधला पैसा कुठे आहे हे त्या दोघांना टेबलापासून दोन पावलं मागे सरकल्यावर दिसलं.

प्रायोजकांबद्दल. शेन व्हॅन बोएनिंगच्या हातात क्यूटेकचा क्यू दिसतो, तो पाच वेळा यूएस ओपन जिंकलेला माणूस आहे. त्या पातळीवर कंपनी खरे पैसे देते. खालच्या पातळीवर "स्पॉन्सर मिळाला" याचा अर्थ बहुतेक वेळा फुकट क्यू, दोन टीशर्ट आणि सवलतीत चॉक. पोरं ते टीशर्ट घालून फोटो टाकतात आणि घरच्यांना वाटतं, लागला मुलगा मार्गाला.

स्वराली

मुलींचं काय? माझी पुतणी खेळते म्हणून विचारतेय.

तिरका कोन

स्वराली, मुलींच्या स्पर्धा कमी आणि बक्षिसं अजून लहान. अमेरिकेतली महिलांची संघटना 1976 पासून आहे. ॲलिसन फिशर स्नूकरची अनेकदा जगज्जेती होती. 1995 मध्ये ती इंग्लंड सोडून अमेरिकेत पूल खेळायला गेली, कारण महिलांच्या स्नूकरमध्ये पैसाच नव्हता. त्या काळात महिलांचा पूल अमेरिकन टीव्हीवर नियमित दिसायचा. जनेट ली तर "ब्लॅक विडो" या नावाने घराघरांत पोचली आणि जाहिरातींतून तिला जे मिळालं ते त्या काळच्या भल्या भल्या पुरुष खेळाडूंना मिळालं नसेल. टीव्ही हटला आणि ओघ आटला. पुतणी चांगली खेळत असेल तर मैदानात गर्दी कमी आहे हा तिचा फायदा, आणि बक्षीस कमी आहे तेही त्याचमुळे.

वाटसरू

एवढं लिहिलंत पण पैजेच्या सामन्यांचं कुणी बोलत नाही. खरा पैसा तिथेच असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ब्रेकनंतर

वाटसरू, बोलू की. जानेवारीत अमेरिकेत डर्बी सिटी क्लासिक भरते, तिथे स्पर्धा संपल्यावर पहाटेपर्यंत टेबलं पैजांवर चालतात. पण बहुतेक खेळाडू स्वतःच्या पैशावर खेळत नाहीत. मागे पैसे लावणारा एक पाठीराखा असतो. जिंकलं की अर्धा किंवा जास्त वाटा त्याचा. हरलं तर पुष्कळदा मागचं नुकसान आधी भरून काढायचं, मग वाटणी. असा खेळाडू महिना महिना जिंकत असतो आणि खिसा रिकामाच.

शिवाय पैज लागते बरोबरीच्या माणसाशी. तुम्ही किती भारी आहात हे एकदा कळलं की कुणी उभं राहत नाही, किंवा इतकी सूट मागतात की खेळण्यात अर्थ उरत नाही. आता सामने कॅमेऱ्यावर असतात, रेटिंग मोबाईलवर दिसतं, त्यामुळे अनोळखी बनून खेळायचे दिवस संपले. कायद्याचा भाग वेगळाच, तो जागोजागी बदलतो. विशीच्या मुलाला मी तिकडे फिरकू नको असंच सांगेन.

तिरका कोन

रेटिंगचा विषय निघालाच आहे तर मीनलताई, मुलाला एकच विचारा: तुझं फार्गो रेटिंग किती? नोंदवलेल्या सामन्यांवरून जगभरच्या खेळाडूंना एकाच मापाने मोजणारी ही पद्धत आहे. तिचा नियम असा, की दोघांत 100 गुणांचा फरक असेल तर वरचा दोन रॅक जिंकतो तेव्हा खालचा एक. गोर्स्ट, फिलर ही मंडळी 800 च्या बरीच वर आहेत. मोठ्या स्पर्धांत रोज भेटणारा प्रतिस्पर्धी 750 ते 800 धरून चाला.

"मी खूप चांगला खेळतो" यावर वाद घालता येतो. आकड्याशी येत नाही.

मीनल

विचारलं. 640 म्हणाला, आणि क्लबमध्ये त्याच्या वर कुणी नाही हेही लगेच जोडलं.

तिरका कोन

640 म्हणजे पोरगा खरंच चांगला खेळतो, हे आधी त्याच्या आईबाबांना सांगा. लीगमध्ये खेळणाऱ्या बहुतेकांना तो सहज हरवेल.

पण 800 च्या खेळाडूपुढे 160 गुणांची दरी आहे. म्हणजे एकास तीन. नऊच्या शर्यतीत साधारण 9-3. आणि समजा तो उद्या 700 ला पोचला, तरी 800 वाल्याशी नऊच्या शर्यतीत शंभरात सात-आठ वेळा जिंकेल. असे लागोपाठ चार-पाच सामने जिंकल्याशिवाय नाव घेण्यासारखा चेक नाही. 640 ते 700 हा प्रवास मेहनतीने होतो. 700 ते 780 मध्ये भले भले अडकतात, कारण तिथे पॉटिंग (बॉल पॉकेटमध्ये घालणं) सगळ्यांचंच पक्कं असतं. फरक पडतो ब्रेक, सेफ्टी (समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा फटका) आणि चुकीनंतर खुर्चीत शांत बसण्याचा.

सातवा बॉल

फिलर एकवीस वर्षांचा असताना जगज्जेता झाला होता, 2018 मध्ये. त्यामुळे वय हा मुद्दा...

तिरका कोन

वय हा मुद्दा इथे उलटा लागतो, भाऊ. फिलर ज्या वयात जगज्जेता झाला, जवळपास त्याच वयात हा मुलगा 640 आहे. उशिरा उमललेले खेळाडू आहेत, नाही असं नाही, पण फिलरचं उदाहरण याच्या बाजूचं नाही.

जमाखर्च

मी व्यवहाराचं सांगतो. त्याला एक वही करायला लावा. प्रत्येक स्पर्धेची फी, प्रवास, टेबलाचे तास, शिकवणीचे पैसे एका बाजूला, बक्षीस दुसऱ्या बाजूला. सोबत दर तिमाहीला रेटिंग. रेटिंग चढतंय आणि तोटा घटतोय असं दिसलं तर पुढच्या वर्षी याच वहीवर घरात बोलणं होऊ शकतं, प्रायोजकाकडे जायलाही ती कामाला येईल. रेटिंग जागच्या जागी असेल तर तेही त्यालाच दिसेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आणि परीक्षा सोडण्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. अभ्यासामुळे त्याचं दिवसाचं टेबल किती तासांनी कमी होतंय? पूलमध्ये टूर कार्ड (टूरवर खेळायचा परवाना) मिळवायची वयोमर्यादा नाही. बहुतेक स्पर्धांत फी भरली की नाव लागतं, ते पुढच्या वर्षीही लागेल.

ब्रेकनंतर

जमाखर्चशी सहमत, थोडी पुरवणी. दिवसाला आठ तास खेळतो म्हणणाऱ्या मुलांपैकी बरीचशी दोन तास सराव करतात आणि सहा तास मित्रांशी खेळतात. पूर्णवेळ झाला तर वाढतात ते हे सहा तास. आत्ताच त्याला त्याच्याहून भारी माणसाकडे पाठवा, आठवड्यातून एकदा हरायला. क्लबमध्ये वर कुणी नाही ही अभिमानाची गोष्ट नसून अडचण आहे.

मीनल

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा त्याला वाचायला दिला. 117 रॅकच्या किश्शावर बराच वेळ गप्प होता, मग "पण तो सामना सगळ्यांना माहितीये ना मामी" म्हणाला. यावर काय बोलणार!

परीक्षा द्यायला तयार झालाय. बदल्यात परीक्षेनंतर एक मोठी खुली स्पर्धा खेळायची आहे. आई फी भरणार नाही म्हणतेय, त्यामुळे मी भरीन म्हटलं. एका स्पर्धेत हरला की सगळं पाण्यात, असं तर नाही ना?

तिरका कोन

स्पर्धा निवडताना एवढं बघा: सुरुवातीच्या फेऱ्यांत एक पराभव माफ असतो का. कित्येक खुल्या स्पर्धांत असतो, हरलेला दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढू शकतो. तशी निवडली तर किमान दोन सामने नक्की मिळतील. सामने फार्गोला नोंदवले जातात का तेही आधी विचारून घ्या. आणि फीची पावती त्याच्या वहीत तुमच्या नावाने लिहायला सांगा, नाहीतर जमाखर्च रागावतील.

जमाखर्च

रागावणारच. परतीचं तिकीट बदलता येणारं काढा, जिंकत राहिला तर उगाच दंड नको.